जामीन कोणी द्यावा?

झांशीच्या सरकारी कचेऱ्यांतून निविदेच्या ज्या सूचना लागतात, त्यांत 'धरोहर राशि', 'जमानत' आणि 'हैसियत' हे तीन शब्द हटकून आढळतात. मराठी वाचकास यांतील पहिला शब्द काहीसा परका वाटेल. धरोहर म्हणजे ठेव, आपल्याकडील अनामत किंवा बयाणा. हैसियत म्हणजे ऐपत. जमानत मात्र आपल्या घरचाच शब्द आहे; आपला 'जामीन' आणि हिंदीतील 'जमानत' हे एकाच अरबी धातूचे, फारशीच्या वाटेने आलेले दोन भाऊ होत. सरकारी कामाचा ठेका घेऊ इच्छिणाऱ्या माणसाने प्रथम ठेव ठेवावी, मग ऐपतीचा दाखला आणावा, मग जमानत द्यावी, आणि एवढे झाल्यावर फावड्यास हात घालावा, असा हा क्रम आहे. आमच्यासारख्या कारकुनांच्या टेबलावरून ही कागदपत्रे नित्य जातात. त्यांत काही इतिहास दडलेला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु राज्याने कोणावर किती विश्वास टाकला, कोणाकडून कसली हमी घेतली आणि स्वतः कोणास कसली हमी दिली, याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे राज्यकारभाराचा निम्मा इतिहास या एका शब्दाभोवती गोळा होतो. ज्या गावी आम्ही राहतो त्या झांशीच्या इतिहासात तर या शब्दाने फार मोठी जखम केलेली आहे.

जामीन ही मुसलमानी अमलाबरोबर आलेली नवी कल्पना नव्हे. आला तो शब्द. धर्मशास्त्रात जामिनास 'प्रतिभू' म्हणत. याज्ञवल्क्य स्मृतीने प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत: माणसास हजर करण्याविषयीचा, माणूस विश्वासू असल्याविषयीचा आणि द्रव्य फेडण्याविषयीचा. पहिल्या दोघांनी दिलेला शब्द खोटा ठरला तर त्यांनी स्वतः भरून द्यावे, त्यांच्या मुलांवर तो बोजा नाही. परंतु द्रव्याचा जो जामीन राहिला त्याचे देणे त्याच्या मुलांवरही येते, असा भेद तेथे केला आहे. अविभक्त असतील तर भावाभावांनी, नवराबायकोने किंवा बापलेकांनी एकमेकांस जामीन राहू नये, असेही तेथे सांगितले आहे. यातील तर्क उघड आहे. ज्याची थैली एकच आहे त्याने त्याच थैलीची हमी देण्यात काय अर्थ? जामीन तोच, जो बाहेरचा आहे, ज्याचे स्वतःचे काही बुडण्याजोगे आहे आणि तरीही जो दुसऱ्यासाठी पुढे होतो.

मराठी दप्तरांत हेच तीन प्रकार फारशी पेहरावात दिसतात. हाजीरजामीन हा माणसास हजर करण्याचा, फैलजामीन हा चांगल्या वर्तणुकीचा आणि मालजामीन हा पैशाचा. जो लेख लिहून द्यावयाचा तो जामीनकतबा. एवढ्यानेही समाधान झाले नाही तर जामिनास जामीन मागत. त्यास आडजामीन म्हणत. एकमेकांनी एकमेकांसाठी ओळीने जामीन राहावे, त्यास साखळीजामीन असे नाव होते. या शब्दांच्या बारकाव्यावरूनच दिसते की हा व्यवहार घरोघरचा होता. आजच्या झांशीतील ठेकेदारास नाव नोंदविण्यासाठी जिल्ह्याच्या कचेरीतून 'हैसियत प्रमाणपत्र' आणि 'चरित्र प्रमाणपत्र' असे दोन दाखले आणावे लागतात. हैसियतीचा दाखला हा मालजामिनाचा वंशज आणि चरित्राचा दाखला हा फैलजामिनाचा, हे ध्यानी आले म्हणजे कागदांच्या त्या गठ्ठ्याकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते. फरक एवढाच, की पूर्वी ही हमी गावचा जिवंत माणूस देई आणि आता ती शिक्का देतो.

पेशवाईत सरकारचा सर्वांत मोठा 'ठेका' रस्त्याचा वा पुलाचा नसे; तो महालाच्या वसुलाचा असे. कमाविसदाराची नेमणूक झाली म्हणजे त्याने अंदाजी वसुलापैकी ठराविक हिस्सा आगाऊ भरावयाचा; यास रसद म्हणत. कमाविसदाराजवळ एवढी रोकड क्वचितच असे. तो सावकाराकडे जाई, सावकार भरणा करी, आणि त्या रकमेचे व्याज पुढे हिशेबात मजुरा पडे. म्हणजे रसद हीच एका परीने अनामत होती आणि सावकार हा जामीन होता. परंतु जुन्या कारभाऱ्यांनी केवळ पैशावर विसंबून राहण्याची चूक केली नाही. दिवाण, मजमुदार, फडणीस, पोतनीस असे दरखदार कमाविसदाराच्या उरावर बसविलेले असत. त्यांस नेमणे किंवा काढणे त्याच्या हाती नसे, आणि त्यांच्या लेखणीखालून गेल्यावाचून हिशेब पुरा होत नसे. वर्षअखेर तो हिशेब पुण्याच्या हुजूर दप्तरात तपासला जाई. रसदेने सरकारचा पैसा सुरक्षित होई, दरखदारांमुळे रयत काही अंशी सुरक्षित राही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या असल्याचे भान पुढे सुटले म्हणजे काय होते ते आपण पाहणारच आहोत.

बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय छत्रसालाच्या वारशाने पडला. १७२९ साली पहिल्या बाजीरावाने त्यास मदत केली, आणि १७३१ साली छत्रसाल वारल्यावर त्याच्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. सागरास गोविंदपंत बुंदेले आणि झांशीस १७४२ पासून नारो शंकर असे कारभारी झाले. ओरछ्याच्या वीरसिंगदेवाने १६१३ साली बांधलेला बंगऱ्याच्या टेकडीवरील किल्ला नारो शंकराने वाढविला, खाली शहर वसविले आणि दक्षिणेतील अनेक कुटुंबे येथे आणली. नाशकास गोदावरीच्या काठी ज्यांचे देऊळ आणि ज्यांची घंटा प्रसिद्ध आहे तेच हे नारो शंकर. १७५७ साली त्यांस परत बोलाविण्यात आले. कारभारी कितीही कर्तबगार असला तरी तो सरकारचा नोकर आहे, त्यास हलविता येते, हा त्या काळच्या राज्यव्यवस्थेचा खरा जामीन होता. परंतु पुण्याहून सागर-झांशी हे अंतर लहान नाही. पानपतापूर्वी १७६० साली भाऊसाहेबांनी गोविंदपंतांस पैशासाठी जी पत्रांवर पत्रे धाडली, ती इतिहासाचार्य राजवाडे यांनी प्रसिद्ध केली आहेत. ती वाचताना मन विषण्ण होते. हिशेब पुण्यात, वसूल अंतर्वेदीत आणि उपाशी फौज दिल्लीजवळ. अशा वेळी लेखी करार निरुपयोगी होतात. हमी कागदावर असून भागत नाही. ती वेळेवर हाती यावी लागते.

ज्या राज्याच्या शब्दास किंमत उरत नाही त्यास स्वतःच जामीन शोधावे लागतात. याचे उदाहरण बडोद्याचे. गायकवाडांच्या दरबारात सावकार 'मनोती' घेऊन वसुलाची हमी देत, आणि महाराजांनी दिलेल्या वचनास अरब जमादारांची 'बहांदरी' लागे. म्हणजे राजाने अभय दिले तरी लोक विचारीत, यास अरबांची हमी आहे काय? १८०२ साली कंपनी सरकारने अरबांना बडोद्यातून काढले. परंतु बहांदरी नाहीशी झाली नाही, ती अरबांच्या हातून इंग्रजांच्या हाती गेली. पुढे दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकीर्दीत ज्यांस इंग्रजांची बहांदरी होती असे सावकार आणि मानकरी महाराजांस न जुमानता रेसिडेंटाकडे दाद मागू लागले, आणि त्या वादांनी महाराजांचे आयुष्य व्यापून टाकले. जो जामीन राहतो तो हळूहळू धनी होऊन बसतो, हा धडा बडोद्याने चांगला शिकविला आहे.

उलट बाजूचा धडा पुण्याने दिला. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत महाल मक्त्याने देण्याची रीत पडली. एल्फिन्स्टनने १८१९ सालच्या आपल्या अहवालात याचे वर्णन केले आहे. मामलत ही अनुभवी आणि सचोटीच्या माणसास देण्याची जागा न राहता हुजुरातील मंडळींत तिचा लिलाव होऊ लागला. जो जास्त बोली करी त्यास महाल मिळे. पुढील वर्षी दुसरा चढ्या बोलीचा उभा राहिला की तो त्यास जाई. अशा मक्तेदारास चौकशीस वेळ नाही आणि सबुरीस कारण नाही. तो आपला महाल वाढत्या रकमेने पोटमक्त्यास देई, पोटमक्तेदार तेच करी, आणि शेवटी हे ओझे पाटलाच्या आणि कुणब्याच्या मानेवर येऊन थांबे. येथे सरकारच्या पैशाची हमी पूर्वीपेक्षा कमी झाली होती काय? मुळीच नाही, रक्कम ठरलेली होती आणि ती वसूल करण्याचे उपाय कठोर होते. नाहीशी झाली होती ती देखरेख. ज्यास पोटठेका म्हणतात त्याचे दोष सांगण्यासाठी आजच्या लेखापरीक्षकास नवे शब्द शोधण्याचे कारण नाही; ते अहवालाच्या त्या पानांवर तयार आहेत.

आता झांशीकडे वळू. १७६९ साली रघुनाथ हरी नेवाळकर येथे सुभेदार झाले आणि पुढे सुभेदारी त्यांच्याच घराण्यात राहिली. शिवरावभाऊंनी १८०४ साली इंग्रजांशी तह केला. पेशव्यांनी बुंदेलखंडावरील आपले हक्क सोडल्यानंतर १८१७ साली रामचंद्ररावांशी दुसरा तह झाला आणि त्यात राज्य वंशपरंपरेचे म्हणून मान्य करण्यात आले. १८३८ साली रघुनाथराव वारले तेव्हा राज्य कर्जात बुडालेले होते. इंग्रजांनी काही वर्षे कारभार स्वतःकडे ठेवला आणि मग गंगाधररावांच्या हाती दिला. देताना फौजेच्या खर्चासाठी मुलखाचा एक तुकडा तोडून घेतला. व्यवहाराच्या भाषेत बोलावयाचे तर हे तारण होते. तह, तारण आणि दोस्तीची वचने असे सर्व काही झांशीच्या बाजूने दिले गेले होते.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. मृत्यूच्या आदल्या दिवसांत त्यांनी आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ च्या आरंभी राज्य खालसा केले. राणीसाहेबांस दरमहा ५,००० रुपयांचा तनखा ठरला, आणि गंगाधररावांचे कर्ज तिने त्या तनख्यातूनच भागवावे असा सरकारचा आग्रह राहिला. येथे सरकारच्या धोरणात एक मौजेचा विरोध होता. दत्तक मुलगा गादीचा वारस नव्हे, परंतु गंगाधररावांच्या खाजगी मिळकतीचा वारस आहे, असे सरकारने मानले. आणि तो अज्ञान म्हणून त्याची सुमारे सहा लक्षांची रक्कम सरकारने स्वतःच्या ताब्यात ठेविली.

पुढे दामोदररावांची मुंज करण्याची वेळ आली. राणीसाहेबांनी त्या रकमेतून एक लक्ष रुपये मागितले. मुलाच्या पैशातून मुलाची मुंज. मागणी साधी होती. चरित्रकारांनी नोंदविले आहे की सरकारने याला एक अट घातली: दामोदरराव वयात आल्यावर त्यांनी ही रक्कम मागितली तर ती परत भरून देण्याविषयी चार जामीन द्यावेत. कालपर्यंत ज्या शहराची ती धनीण होती त्याच शहरातील चार गृहस्थांपुढे तिने शब्द टाकावा आणि त्यांनी सरकारी कागदावर सही करून तिच्या सचोटीची हमी द्यावी, असा या अटीचा अर्थ होता. तिला जामीन मिळाले आणि मुंज झाली. ज्यांनी सह्या केल्या त्यांनी आपली घरेदारे एका बाजूस लावली, हे विसरून चालणार नाही. राज्य गेलेल्या स्त्रीसाठी जामीन राहण्यात लाभ कसलाच नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने ही अट चुकीची होती असे म्हणता येत नाही, आणि हीच त्यातील खरी टोचणी आहे. अज्ञान मुलाच्या पैशाचा विश्वस्त जपून वागतो. आमच्यापैकी कोणीही त्या टेबलावर असता तर त्यानेही फाइलीवर हाच शेरा मारला असता. परंतु विश्वस्ताकडून जामीन कोणी घेतला होता? १८५७ चा वणवा पेटला, १८५८ च्या जूनमध्ये राणी ग्वाल्हेरीस पडली, आणि लहानगा दामोदरराव रानोमाळ हिंडून अखेर इंदुरास आश्रयास लागला. ते सहा लक्ष त्यांना पुढे कधीच मिळाले नाहीत. तुटपुंज्या तनख्यावर दिवस काढून १९०६ साली ते वारले. एका लक्षासाठी ज्या सरकारने चार जामीन मागितले, त्या सरकारने सहा लक्षांसाठी एकही दिला नव्हता. जामीन मागण्याचा अधिकार एकाच बाजूस असला म्हणजे विश्वासाचे काय होते, हे सांगण्यास याहून दुसरे उदाहरण नको.

हाच एकतर्फीपणा त्याच काळात दुसऱ्या एका क्षेत्रात निराळ्या रूपाने दिसतो. ऑगस्ट १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी करार झाला, तेव्हा कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली. रेल्वेस तोटा आला तरी लंडनच्या भागीदारास त्याचे व्याज मिळणार, आणि ते हिंदुस्थानच्या वसुलातून मिळणार. म्हणजे येथील रयत, तिला न विचारता, तेथील धनिकांस जामीन राहिली. पुढे इंडियन मिडलंड कंपनी निघाली, १८८९ च्या सुमारास झांशीवरून चारी दिशांस रूळ गेले आणि हे शहर मोठे जंक्शन झाले. त्या कंपनीच्या मागेही सरकारी हमी होतीच. झांशीच्या जुन्या मराठी वस्तीत रेल्वेच्या नोकरीने आलेल्या घरांची जी भर पडली तिचे मूळ या रुळांत आहे.

या कामांवरील ठेकेदारांची कथा आपल्या सह्याद्रीत घडली. मुंबई-ठाणे मार्ग, जो १८५३ साली सुरू झाला, तो फेव्हिएल आणि फाउलर या इंग्रज ठेकेदारांनी बांधला. फेव्हिएलने पुढे बोरघाटाचे काम घेतले. घाटात हजारो मजूर राबत होते; ठेक्याखाली पोटठेके, आणि त्यांखाली मुकादम. मजुरी थकली, आणि जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगा उसळला. त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडले. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच आठवड्यांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुरा करविला. १८६३ साली घाट खुला झाला. इंग्रज ठेकेदारांची ऐपत आणि पत मुळात गृहीत धरलेली होती, तरी मजुराची मजुरी बुडावयाची राहिली नाही. दुसरीकडे जमशेटजी दोराबजी नायगमवाला या मुंबईच्या पारशी ठेकेदाराने त्याच कंपनीची एकामागून एक कामे घेतली आणि पुरी केली. येथील माणसास मोठे काम झेपेल काय, या शंकेस त्याने बांधलेल्या मार्गांनी उत्तर दिले. घाटातील दंग्यानंतर १८६० साली मजूर आणि मालक यांच्या वादांविषयी कायदा झाला आणि मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यापुढे लवकर निकालात काढण्याची सोय त्यात करण्यात आली. ठेक्याच्या कागदावर ज्याचे नाव नसते त्या मजुराचा विचार कायद्यास करावा लागला तो दंगा झाल्यावर.

१८७२ च्या करार कायद्याने जामिनाचे सर्व नाते एका प्रकरणात बांधले. कलम १२६ मध्ये हमीच्या कराराची व्याख्या आहे. कलम १२८ प्रमाणे मूळ ऋणकोची जेवढी जबाबदारी तेवढीच जामिनाची. परंतु कलम १३३ प्रमाणे जामिनास न विचारता मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारापुरता जामीन मोकळा होतो. आणि कलम १४० प्रमाणे जामिनाने देणे फेडले की धनकोचे सर्व हक्क त्यास मिळतात. जामीन हाही संरक्षणास पात्र असलेला माणूस आहे, ही या कलमांमागील न्यायबुद्धी होय. या कायद्याने झांशी जिल्ह्यातील शेतकरी मात्र तरला नाही. कर्ज, तारण आणि हमी यांच्या गुंत्यात जमिनी इतक्या झपाट्याने सावकारांकडे जाऊ लागल्या, की १८८२ साली खास झांशीसाठी कर्जबाजारी जमीनदारीविषयीचा कायदा करावा लागला आणि १९०३ साली बुंदेलखंडापुरती जमिनीच्या हस्तांतरावर बंधने घालावी लागली. पतीचा बाजार मोकळा सोडला तर ज्याच्याजवळ देण्याजोगे एकच तारण असते त्याचे तेवढे तारण जाते, हे या दोन कायद्यांचे तात्पर्य.

बोरघाटात जो प्रश्न दंग्याने पुढे आला त्याचे उत्तर अमेरिकेने निराळ्या रीतीने दिले. तेथे १९३५ साली कायदा करून सरकारी बांधकामाच्या ठेकेदाराकडून दोन हमीपत्रे घेण्याची पद्धत घातली गेली. एक काम पुरे करण्याविषयी, ते सरकारच्या रक्षणासाठी. दुसरे मजूर आणि माल पुरविणारे यांचे पैसे चुकते करण्याविषयी, ते त्यांच्या रक्षणासाठी. जुन्या पेशवाईतील रसद आणि दरखदार या जोडीची येथे आठवण होते. सरकारचे रक्षण आणि खालच्या माणसाचे रक्षण या दोन बाबी आहेत आणि दोहोंसाठी दोन तजविजी पाहिजेत, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी एकच आहे. आपल्याकडे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडविल्यास ती मुख्य मालकाने द्यावी, असे ठरविले. मार्ग निराळा, पण ओळख त्याच सत्याची.

आता आपल्या काळाकडे पाहू. २०१७ च्या केंद्रीय वित्तीय नियमांप्रमाणे निविदेबरोबरची बयाणा रक्कम अंदाजी किमतीच्या दोन ते पाच टक्के, आणि काम मिळाल्यावर द्यावयाची कामगिरीची हमी पाच ते दहा टक्के अशी होती. २०२० साली साथीच्या संकटात ही हमी काही काळ तीन टक्क्यांवर आणण्यात आली, आणि २०२४ च्या आरंभापासून ती तीन ते पाच टक्के अशी ठरली. २०२२ च्या अर्थसंकल्पात बँक हमीऐवजी विमा कंपनीचे जामीनपत्र चालेल असे जाहीर झाले, त्याच वर्षी १ एप्रिलपासून विमा नियामकाची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आणि डिसेंबरात असे पहिले जामीनपत्र बाजारात आले. म्हणजे सावकाराची जागा बँकेने घेतली होती, ती आता विमा कंपनीही घेऊ पाहत आहे.

टक्क्यांचे हे आकडे कागदावर लहान दिसतात. झांशीसारख्या ठिकाणच्या लहान ठेकेदाराच्या जागी उभे राहून ते मोजले पाहिजेत. समजा, काम वीस लक्षांचे आहे. बयाणा दोन टक्क्यांनी चाळीस हजार होतो आणि हमी पाच टक्क्यांनी एक लक्ष. एक काम मिळावे म्हणून तो तीन ठिकाणी निविदा भरतो, तेव्हा एक लक्ष वीस हजार केवळ बयाण्यात गुंतून पडतात. बँक हमी घ्यावी तर बँक त्याच्याकडून ठेव किंवा तारण घेतल्यावाचून ती देत नाही. म्हणजे पैसा पुन्हा त्याचाच अडकला. मोठ्या ठेकेदारास हा व्यवहाराचा खर्च वाटतो, लहानास तो उंबरठा होतो, आणि बऱ्याच वेळा तो उंबरठ्याबाहेरच राहतो. मग काम मोठ्याकडे जाते, आणि तोच लहान माणूस पोटठेकेदार म्हणून मागील दाराने कमी दरात तेच काम करतो. हा बाजीरावी मक्त्याचा मार्ग आहे.

म्हणून जामीन घेऊच नये काय? तसे म्हणणे भोळेपणाचे होईल. अर्धवट सोडलेला पूल आणि पहिल्या पावसात वाहून गेलेला रस्ता यांची किंमत शेवटी लोकच मोजतात. सरकारी पैसा म्हणजे लोकांचा पैसा आणि तो जपणे हे आमच्यासारख्यांचे कामच आहे. प्रश्न जामीन घेण्याचा नाही. घेणाऱ्यानेही आपल्या बाजूने काही बांधून घेतले आहे की नाही, हा प्रश्न आहे. वर सांगितलेल्या नियमांतच याची तरतूद केलेली आहे. ज्यांची निविदा मंजूर झाली नाही त्यांचा बयाणा, ठेका दिल्यापासून उशिरात उशिरा तिसाव्या दिवसापर्यंत परत करावयाचा. कामगिरीची हमी कराराच्या सर्व जबाबदाऱ्या पुऱ्या झाल्यावर साठ दिवसांपलीकडे धरून ठेवण्याचे प्रयोजन नाही. हे तीस दिवस आणि हे साठ दिवस म्हणजे सरकारने रयतेस लिहून दिलेला जामीनकतबाच होय. त्यावर सही अर्थखात्याची असली तरी तो पाळणारा जामीन कोण? ज्याच्या टेबलावर ती फाइल आहे तो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण अशाच टेबलांमागे बसणारे आहेत. कोणी जबलपुरास, कोणी दिल्लीस, कोणी आमच्यासारखे झांशीस. परमुलखात आपण सरकारचे तोंड म्हणून ओळखले जातो. ठेकेदाराचा कागद एका दिवसाने उशिरा आला तर त्याची अनामत जप्त करण्याचे कलम आपल्या जिभेवर असते; त्याची अनामत आपल्याकडे तीन महिने पडून राहिली तर मात्र त्याच्या हाती कलम नसते, फक्त अर्ज असतो. तो अर्ज घेऊन तो दारात उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ आपल्याकडून घेतलेला एकही जामीन नसतो. सहा लक्षांचे धनी इंदुरास असेच अर्ज करीत राहिले.

झांशीच्या त्या चार गृहस्थांनी जामीनकतब्यावर सह्या केल्या तेव्हा त्यांनी आपली ऐपत आणि आपला शब्द दुसऱ्यासाठी पणास लावला. आज आपल्यापाशी कोणी एवढे मागत नाही. मुदतीच्या आत एक फाइल पुढे सरकवावी, देणे असेल ते द्यावे आणि मजुराची हजेरीपुस्तके खरी आहेत की नाहीत ते बिल मंजूर करण्यापूर्वी पाहावे, एवढेच मागणे आहे. ते आपण केले तर जामीन हा शब्द दोन्ही बाजूंस सारखाच लागू होईल, आणि ज्या शहराने त्याचा एकतर्फी अर्थ सोसला त्या शहरात बसून आपण नोकरी केली याचे काही सार्थक होईल.